आठ आकड्यांची बेरीज

जुळली! शेवटच्या अंकापर्यंत जुळली!

रात्रीचे साडेबारा वाजले होते. घर झोपलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी वहीच्या मागच्या पानावर आठ आकडे एकाखाली एक मांडले होते. मुंबई १,२४,४२,३७३. ठाणे १८,४१,४८८. कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७. नवी मुंबई ११,२०,५४७. मिरा-भाईंदर ८,०९,३७८. उल्हासनगर ५,०६,०९८. अंबरनाथ २,५३,४७५. बदलापूर १,७४,२२६. एककाच्या घरात बावन्न आले, दोन लिहिले, हातचे पाच. दशकात एक्कावन्न, एक लिहिला, पुन्हा हातचे पाच. असं करत करत डावीकडे सरकले आणि रेघेखाली उभा राहिला १,८३,९४,९१२. धडधडत्या छातीने मी दुसरा तक्ता उघडला. २०११ ची जनगणना, बृहन्मुंबई नागरी समूह. आकडा तोच! एकही माणूस कमी नाही की जास्त नाही.

लोकसंख्येच्या तक्त्यात इतका थरार असतो हे मला आयुष्याची चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आता मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

सुरुवात भाचीच्या अभ्यासाने झाली. "मावशी, भारतातली सगळ्यांत जास्त लोकसंख्येची पाच शहरं सांग ना." मी भाजी चिरता चिरता लहानपणीचं पाठांतर म्हटलं : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मग बंगळुरू. तिने पुस्तकात पाहून मान हलवली. तिच्या पुस्तकात मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद असा क्रम होता. कोलकाता? कोलकाता थेट सातवं! ज्या शहराला शतकभर देशातलं सर्वांत मोठं शहर म्हणून ओळखलं गेलं, ते ४४,९६,६९४ माणसांसह सातव्या क्रमांकावर, आणि सुरत त्याच्या खांद्याला खांदा लावून आठव्या. माझा विश्वास बसेना. भाची झोपल्यावर मी जनगणनेचे तक्ते शोधायला बसले आणि मला दोन याद्या सापडल्या. दोन्ही सरकारी, दोन्ही एकाच वर्षाच्या, दोन्ही खऱ्या. दुसऱ्या यादीत कोलकाता तिसरं होतं, एक कोटी चाळीस लाखांवर. माझं पाठांतरही बरोबर होतं आणि तिचं पुस्तकही.

एकच शहर, एकच रात्र, आणि आकड्यात तिपटीहून जास्त फरक! हे कसं?

उत्तर कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पहिली यादी महापालिकेच्या हद्दीतल्या माणसांची. दुसरी नागरी समूहांची. म्हणजे मुख्य शहर आणि त्याला लागून सलग पसरलेली सगळी शहरं, छावण्या, वाढलेली गावं एकत्र धरून. पहिली यादी विचारते, तुमचा कारभार कोण बघतं? दुसरी विचारते, तुमच्या घरांची रांग कुठे तुटते? प्रश्न बदलला की देश वेगळा दिसतो.

आणि मी? मी डोंबिवलीची. पहिल्या यादीत मी मुंबईत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या साडेबारा लाखांत आहे. दुसऱ्या यादीत मी मुंबईच्या पावणेदोन कोटींहून मोठ्या कुटुंबात आहे. गावी कुणी विचारलं की आम्ही "मुंबईला असतो" म्हणतो आणि मुंबईत कुणी विचारलं की "डोंबिवलीला राहतो" म्हणतो. ही दोन्ही उत्तरं जनगणनेला मान्य आहेत. इतकी वर्षं लोकलच्या दारात उभी राहून ज्या दोन ओळखी मी सांभाळल्या, त्या दोन्हींना सरकारी तक्त्यात जागा आहे हे कळल्यावर मला खरंच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला उतरले आणि लालबहादूर शास्त्री मार्गाने चेकनाक्यापर्यंत चालत गेले. ती रेष मला डोळ्यांनी बघायची होती. जकात होती तोवर या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि रेषेची ती खूणही गेली. आता रिक्षा, बस, वडापावच्या गाड्या, शाळेतून सुटलेली मुलं, सगळं इकडून तिकडे वाहत असतं. एक आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्यांच्या चार पावलांत मुंबई संपली आणि ठाणे सुरू झालं. त्यांना पत्ताही नव्हता, पण रात्री त्या ज्या बाजूला झोपतील तिथल्या आकड्यात त्या मोजल्या जातील.

ही रेष केव्हा मारली? १९५७ मध्ये! त्याआधी १९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली होती. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली आणि तिथेच थांबली. माणसं मात्र थांबली नाहीत. ती ठाण्याला गेली, कल्याणला गेली, खाडीपलीकडे गेली. आणि ती जिथे जिथे गेली तिथे वेगळी चूल मांडली गेली. ठाणे महापालिका १९८२, कल्याण १९८३, नवी मुंबई १९९२, मिरा-भाईंदर २००२, वसई-विरार २००९. मोठ्या घरातून एकेक मुलगा वेगळा राहायला जावा, पण सणाला सगळे एकत्र जेवावेत, तसं हे आहे. रोज सकाळी ७:५० च्या लोकलला ती पंगत बसलेली मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. तिचं नाव तेवढं मला ठाऊक नव्हतं. नागरी समूह!

आता गंमत बघा. माझ्या बेरजेत विरार नाही. मी तीनदा तपासलं. मुंबईच्या उपनगरी प्रवासाची सगळ्यांत गाजलेली गाडी जिथली, ते वसई-विरार बारा लाखांहून मोठं शहर जनगणनेच्या या समूहात धरलेलंच नाही. त्याची यादीत स्वतंत्र ओळ आहे. भिवंडीचंही तेच. रोज लाखो माणसं भाईंदरच्या खाडीवरून ये-जा करतात, पण तक्त्याला ये-जा मोजायची नसते. त्याला फक्त हद्दी आणि सलगता कळते. प्रत्येक यादी काही तरी बघते आणि काही तरी सोडते, आणि काय सोडलं ते शोधणं हा माझा नवा छंद झाला आहे.

मग मी बाकीची शहरं याच नजरेने उलगडत गेले आणि प्रत्येकाची कहाणी निघाली.

बंगळुरू! २००१ मध्ये त्रेचाळीस लाख, २०११ मध्ये चौऱ्याऐंशी लाख. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. आयटीमुळे माणसं आली, हे खरंच. पण २००७ मध्ये भोवतालच्या सात नगरपालिका, एक छोटं नगर आणि ११० गावं एका झटक्यात शहरात आली, हेही तितकंच खरं. हैदराबादनेही त्याच वर्षी शेजारच्या बारा नगरपालिका पोटात घेतल्या आणि छत्तीस लाखांचं शहर पुढच्या मोजणीत सदुसष्ट लाखांवर गेलं. सुरतने २००६ मध्ये हद्द वाढवली; हिरे आणि कापडाच्या कामासाठी देशभरातून येणारी माणसं त्या वाढलेल्या हद्दीत मोजली गेली आणि चोवीस लाखांचे चव्वेचाळीस लाख झाले. मुंबईने वेगळ्या चुली मांडू दिल्या. या शहरांनी भिंती पाडून एकच मोठं घर केलं. पहिल्या यादीत कोण वर, कोण खाली, हे पुष्कळ अंशी या एका निर्णयावर ठरतं!

चेन्नईची तर चुटपुट लागते. २०११ च्या मोजणीत सेहेचाळीस लाख. मोजणी झाली फेब्रुवारीत आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महापालिकेचं क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेलं. मोजणीच्या पुरेसं आधी हे झालं असतं तर चेन्नई यादीत कुठे असतं! म्हणूनच जनगणनेआधी हद्दी गोठवतात. ठरलेल्या तारखेनंतर मोजणी संपेपर्यंत कुठल्याही गावाची, तालुक्याची, शहराची हद्द हलवायची नाही. देशभरातल्या सगळ्या रेषांनी एका जागी श्वास रोखून उभं राहायचं. ही कल्पनाच केवढी विलक्षण आहे!

दिल्लीत आणखी वेगळं घडतं. तिथे समूहाची वाट राज्याची सीमा अडवते. जनगणनेचा नागरी समूह राज्याबाहेर जात नाही. म्हणून मेट्रोने जोडलेले नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद दिल्लीच्या एक कोटी त्रेसष्ट लाखांत नाहीत. आणि हीच दिल्ली १९४१ मध्ये नऊ लाखांची होती! १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली, कारण मधे फाळणी झाली होती. दोन आकड्यांच्या मधल्या त्या कोऱ्या जागेत लाखो निर्वासितांची घरं, गाड्या, तंबू आहेत. तक्ता ते सांगत नाही, पण एकदा कळलं की ती जागा कोरी दिसत नाही.

मुंबईच्याही आकड्यांत अशी जागा आहे. १८९१ मध्ये ८,२१,७६४. १९०१ मध्ये ७,७६,००६. शहर चक्क आटलं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला होता. माणसं मेली आणि त्याहून कितीतरी शहर सोडून पळाली. आणि आपल्या काळात पुन्हा तसंच, पण वेगळ्या कारणाने. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईत २००१ मध्ये ३३,३८,०३१ माणसं होती, २०११ मध्ये ३०,८५,४११. अडीच लाख कमी! जी मुंबई आपल्याला सदैव ओसंडणारी वाटते तिचा गाभा रिता होतो आहे. माझे आजोबा गिरगावातल्या चाळीतून सामान बांधून डोंबिवलीला आले, कारण तीन मुलं मोठी होत होती आणि खोली एक होती. अशा लाखो घरांची पावलं त्या वजाबाकीत आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या बेरजेत तीच माणसं आहेत. समूहाचा आकडा एवढ्यासाठी मला जास्त प्रेमळ वाटतो. घर सोडून गेलेल्यांना तो विसरत नाही.

कोलकात्याचाही गाभा याच दहा वर्षांत थोडा घटला आहे. मागच्या हिवाळ्यात कामासाठी तिथे जाणं झालं आणि मी पहाटेच हावडा ब्रिजवर गेले. खाली मल्लिक घाटाचा फूलबाजार, झेंडूच्या माळांचे केशरी डोंगर, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारी माणसं. १९४३ पासूनचा तो लोखंडी पूल पायाखाली हलका थरथरतो. नदीत एकही खांब नाही. दोन काठांवरून पुढे आलेले दोन हात मध्ये भेटतात. मी चालत चालत पलीकडे निघाले तेव्हा समोरून हावडा स्टेशनचा लोंढा येत होता. आणि मला कळलं की हा सगळा लोंढा दुसऱ्या शहरातून येतो आहे! हुगळीपलीकडचं हावडा ही वेगळी महापालिका, दहा लाखांवर वस्तीची. कोलकाता महापालिकेचं क्षेत्र मोजणीच्या वेळी जेमतेम १८५ चौरस किलोमीटर होतं. पण नदीच्या दोन्ही काठांनी वर जात राहा : बाली, टिटागड, भाटपाडा, नैहाटी, डेन लोकांचं श्रीरामपूर, फ्रेंचांचं चंदननगर, डचांचं चुंचुडा. मोजणीच्या वेळी प्रत्येकाचा कारभार वेगळा, इतिहास वेगळा, आणि घरांची रांग मात्र सलग. ही सगळी मणिमाळ ओवली की पंचेचाळीस लाखांचे एक कोटी चाळीस लाखांवर होतात. १९८१ पर्यंत हाच देशातला सर्वांत मोठा समूह होता. १९९१ मध्ये मुंबई पुढे गेली. पुलाच्या मध्यावर, वाऱ्यात उभं राहून, मी दोन्ही काठ एका नजरेत घेतले. सातवं शहर आणि तिसरं शहर एकाच वेळी समोर होतं.

आता यादी मला पाठ झाली आहे, पण नावांमुळे नाही. दहा लाखांवर वस्तीची ४६ शहरं २०११ मध्ये देशात होती. त्यांतली दहा एकट्या महाराष्ट्रात! मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि नवी मुंबई. आपल्याला रोजची म्हणून साधी वाटणारी ही शहरं केवढी मोठी आहेत! पुण्याने तर २०२१ मध्ये तेवीस गावं सामावून घेतली आणि क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकलं. बंगळुरूने २०२५ मध्ये उलट वाट धरली. एका महापालिकेच्या पाच झाल्या. दिल्लीने २०१२ मध्ये तीन चुली मांडल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा एक केली. यादी सतत घडते आहे, आणि आपण तिच्या आत राहतो आहोत.

हे सगळं मी उत्साहाने आत्याला सांगायला गेले. ती शाळेत शिक्षिका होती. माझं सगळं ऐकून ती शांतपणे म्हणाली, "अगं, तो आकडा मी लिहिलाय."

ती २०११ ची प्रगणक होती! मला हे ठाऊकच नव्हतं. लाखो प्रगणकांपैकी एक. शाळा सुटली की पिशवी खांद्याला लावून ती आमच्या भागातल्या, तिच्या गटातल्या दीडशेएक घरांच्या पायऱ्या चढायची, ९ फेब्रुवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत. प्रत्येक माणसामागे एकोणतीस प्रश्न. फॉर्म यंत्राने वाचला जाणार म्हणून दुमडायचा नाही, अंक चौकटीच्या आतच काढायचा. तिने माझ्यासमोर वर्तमानपत्राच्या कडेला तसा सात काढून दाखवला, सरळ, सुटा, रेषेला न शिवणारा. इतक्या वर्षांनंतरही हाताला सवय होती. कुणी दार उघडायचं नाही, कुणी चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही. एका घरातल्या आजोबांनी वारलेल्या आजींचंही नाव लिहायचा आग्रह धरला होता. आत्याने ते लिहिलं नाही, पण त्या घरी ती अर्धा तास बसली.

आणि २८ फेब्रुवारीची रात्र! ज्यांना घर नाही त्यांची मोजणी त्या एकाच रात्री करायची असते, कारण दिवसा ती माणसं एका जागी नसतात. आत्या आणि तिचा एक सहकारी टॉर्च घेऊन स्टेशनबाहेर, पुलाखाली, दुकानांच्या फळ्यांपाशी फिरले. झोपलेल्याला हलक्या आवाजात उठवायचं, नाव विचारायचं, वय विचारायचं. "नाव विचारलं की माणूस आधी घाबरतो," आत्या म्हणाली, "आणि लिहून घेतलं की बरं वाटतं त्याला." त्या रात्रीचे बारा हा मोजणीचा क्षण होता. त्या क्षणी जो जिवंत, तो मोजायचा.

मग १ ते ५ मार्च ती पुन्हा सगळ्या घरांतून फिरली. मधल्या दिवसांत कुणी गेलं का, कुणी जन्मलं का? तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात दार उघडलं आणि आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी. केव्हा झाली? २८ च्या रात्री, अकरा वाजून काही मिनिटांनी. बाराच्या आत! आत्याने फॉर्म काढला, एक ओळ वाढवली, वय शून्य लिहिलं आणि घराच्या बेरजेत एक मिळवला.

मी घरी येऊन पुन्हा ती वही उघडली. १,८३,९४,९१२. शेवटचा अंक दोन. ती मुलगी तासभर उशिरा जन्मली असती तर तिथे एक असता. माझी अख्खी बेरीज, मुंबईपासून बदलापूरपर्यंतची, एका बाळाने बदलली आहे, आणि ते बाळ लिहिणारा हात माझ्या आत्याचा आहे.

पुढच्या जनगणनेचा क्षणही ठरला आहे : १ मार्च २०२७, रात्रीचे शून्य तास. या वेळी कागदी चौकटी नसतील, मोबाइलवर नोंद होईल. ती मुलगी अजून आमच्याच गल्लीत राहते. क्लासला जाताना मला रोज दिसते. त्या मोजणीच्या क्षणाच्या तासभर आधी तिला सोळावं वर्ष पूर्ण होईल. दारावर प्रगणक येईल तेव्हा वयाच्या चौकटीत काय लिहायचं ते तिला माहीत असेल. आणि मी तक्ते येण्याची वाट बघत वहीचं पुढचं पान कोरं ठेवलं आहे.